बोलपट कोर्टाची पायरी चढतो



आज मी एकच चित्रपट घेऊन आलो आहे. १९२९ सालचा, एमजीएमचा 'द ट्रायल ऑफ मेरी ड्यूगन'. ब्रॉडवेवरच्या या नर्तकीवर आरोप आहे की तिनं आपल्या श्रीमंत प्रियकराला सुरीनं भोसकून ठार मारलं. खटला न्यूयॉर्कमध्ये चालतो आणि चित्रपट जवळजवळ सगळा कोर्टाच्या त्या एका दालनात.

त्या एकदोन वर्षांत हॉलिवुडनं कोर्टाचा नुसता धडाका लावला होता. 'ऑन ट्रायल' झाला, 'द बेलामी ट्रायल' झाला, 'मादाम एक्स' झाला. न्यायदेवतेवर एवढी भक्ती एकाएकी कुठून आली? खरी अडचण यंत्रांची होती. कॅमेऱ्याची घरघर ध्वनिमुद्रणात येई, म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांनाही बंद खोक्यात कोंडत. मायक्रोफोन लपवून एका जागी बसवलेला. नट दोन पावलं सरकला की आवाज गेला. आता कोर्ट बघा. साक्षीदार खुर्चीवरून हलत नाही. एका वेळी एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं, गलका झालाच तर न्यायाधीश हातोडा आपटणार. ध्वनिमुद्रकाला याहून सोयीची जागा कुठं सापडणार?

मूळ नाटक बेयार्ड व्हीलरचं, १९२७ चं. प्रेक्षक आत येत तेव्हा पडदा आधीच वर गेलेला असे. ज्युरी म्हणजे जणू तेच. चित्रपटाचं दिग्दर्शनही व्हीलरनंच केलं आणि त्यानं कोर्ट काही सोडलं नाही. आपल्याकडं अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच'मध्ये, १९६२ साली, कोर्टातून बाहेर पडायला फिरता रंगमंच होता. व्हीलरजवळ फक्त साक्षी होत्या. सुरुवातीच्या काही साक्षी रटाळ आहेत, हे मी लपवत नाही.

पण मेरी साक्षीला येते आणि चित्र पालटतं. नॉर्मा शिअररचा हा पहिला बोलपट. तिचा वकील एडवर्ड वेस्ट उलटतपासणीत ढिला पडतो, म्हणून तिचा भाऊ जिमी, नुकता वकील झालेला पोरगा, खटला हातात घेतो. आणि भर कोर्टात त्याला कळतं की आपल्या शिक्षणाचा पैसा बहिणीनं श्रीमंत पुरुषांची रखेल होऊन उभा केला. प्रश्न विचारणारा तोच, उत्तर ऐकायची हिंमत नसणाराही तोच. या प्रसंगात शिअरर आवाज चढवत नाही. मूकपटात घडलेल्या नटीला हे जमलं, याचं मला अजून कौतुक वाटतं.

मग शेवट. खुनी डावखुरा आहे, एवढं सिद्ध झालेलं. जिमी वेस्टला, होय, आधीच्या बचावाच्या वकिलालाच, साक्षीला बोलावतो आणि एकदम सुरी त्याच्याकडं फेकतो. वेस्ट ती झेलतो. डाव्या हातानं.

नवा आवाज ऐकवायला काढलेला, तोंडाचा पट्टा न थांबणारा हा बोलपट, आणि निकाल लावते एक मुकी हालचाल! व्हीलर रंगभूमीवर मुरलेला माणूस. प्रेक्षक कानानं कितीही ऐकोत, खात्री डोळ्यानंच करून घेतात, हे तो जाणून होता.

समोर वकीलमंडळी बसली आहेत, त्यांचे चेहरे मला दिसताहेत. मुद्देमालातली सुरी भर कोर्टात फेकू कोण देईल? कुठला न्यायाधीश हे चालवून घेईल? हरकती मान्य. त्या प्रश्नोत्तरांत घेऊ.