२००९ : सत्तांतर का झाले नाही?



२२ ऑक्टोबर २००९ रोजी महाराष्ट्र विधानसभेचा निकाल लागला आणि दहा वर्षे सत्तेवर असलेली आघाडी सलग तिसऱ्यांदा सत्तेवर आली. काँग्रेसच्या ८२ आणि राष्ट्रवादीच्या ६२ मिळून १४४ जागा झाल्या. २८८ सदस्यांच्या सभागृहाचा हा बरोबर निम्मा आकडा, म्हणजे बहुमताला एक कमी. युतीच्या पदरात ९० जागा पडल्या. भाजपच्या ४६, शिवसेनेच्या ४४.

विदर्भातील शेतकरी आत्महत्या करीत होता, गावे भारनियमनाने अंधारात होती. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर मुख्यमंत्री विलासराव देशमुख आणि गृहमंत्री आर. आर. पाटील यांना पायउतार व्हावे लागले. त्या गोष्टीला वर्षही झाले नव्हते, तोच मतदान झाले आणि सत्ता त्याच पक्षांकडे राहिली. पाटील तर पुन्हा गृहमंत्री झाले. खातेवाटपाच्या घोळात निकालानंतरचा पंधरवडा गेला, तरी सत्तेच्या ओढीने आघाडी तुटली नाही, हेही नोंदवले पाहिजे.

पराभवाचे सर्वांत सोयीचे कारण तेव्हा एकच सांगितले गेले : मनसेने मते खाल्ली. मुंबई, ठाणे, नाशिक, पुणे या पट्ट्यात ते खरेही होते. पण राज्याची बेरीज मांडली तर काय दिसते? आघाडीला सुमारे ३७.४ टक्के मते होती, युतीला ३०.३. मनसेची ५.७ टक्के मते सगळीच्या सगळी युतीच्या ओंजळीत टाकली तरी आकडा छत्तीसच्या पुढे सरकत नाही. फूट नसती तर जागा वाढल्या असत्या, हे निर्विवाद. पण जनमताचा कौल विरोधकांकडेच होता, असे म्हणायला आधार उरत नाही. साखर कारखाना, जिल्हा बँक, दूध संघ यांच्या मार्गाने सत्ता ज्या गावात रोज पोहोचत होती, त्या गावात विरोधी पक्षाचा माणूस निवडणुकीपुरताच दिसत असेल, तर संतापलेला शेतकरी तरी कोणाच्या दारी जाणार? शिवाय २००८ ची केंद्राची कर्जमाफी ताजी होती.

पुणे शहराची कथा वेगळी आहे आणि अधिक बोलकी आहे. येथे आठपैकी तीनच जागा आघाडीला मिळाल्या : शिवाजीनगर, वडगाव शेरी आणि कॅन्टोन्मेंट. कसबा व पर्वती भाजपने, कोथरूड व हडपसर शिवसेनेने, तर खडकवासला मनसेच्या रमेश वांजळे यांनी जिंकले. कसब्यात मनसेचे रवींद्र धंगेकर दुसऱ्या क्रमांकावर होते आणि गिरीश बापट आठ हजारांच्या आसपास मतांनी निवडून आले. मतविभागणी तेथेही होतीच! मग कसबा का टिकला? १९८३ पासून नगरसेवक आणि १९९५ पासून आमदार असलेल्या या माणसाला पेठांतले वाडे, तालमी आणि मंडळे तोंडपाठ होती. कोणाच्या घरी कोण आजारी आहे, हे कार्यकर्त्याला मतदारयादी हाती येण्याआधीच माहीत असे.

२०१४ मध्ये पुण्याच्या आठही जागा भाजपकडे आल्या आणि राज्यात पंधरा वर्षांची राजवट संपली. विजयाच्या त्या दिवसांत २००९ चे हिशेब कोण काढणार?

ते हिशेब २०२३ ने काढले. आमदार मुक्ता टिळक यांच्या निधनानंतर कसब्यात पोटनिवडणूक झाली. पेठांतली अनेक कुटुंबे कोथरूड, सिंहगड रस्त्याकडे राहायला गेली होती. सुमारे निम्म्याच मतदारांनी मतदान केले. नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेले बापट चाकाच्या खुर्चीवरून प्रचाराला आले. तरीही २ मार्चच्या निकालात तेच धंगेकर, आता काँग्रेसकडून, सुमारे अकरा हजार मतांनी जिंकले. यावेळी समोर मनसेचा उमेदवार नव्हता आणि मतविभागणीची सबबही नव्हती. त्याच महिन्याच्या २९ तारखेला बापट गेले.

पुढल्या वर्षी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, पोटनिवडणुकीत हरलेल्या हेमंत रासने यांनाच पक्षाने पुन्हा उभे केले. धंगेकरही होतेच. मधल्या दीड वर्षात कार्यकर्ते पुन्हा जिने चढले होते. रासने सुमारे एकोणीस हजार मतांनी निवडून आले.