ट्रॉपिकल थीम आणि आपल्या बांधावरचा पळस

आजचा विषय घरगुती डेकोरेशनचा. पण आधी थोडा भूगोल.

नकाशात कर्कवृत्त आहे साडेतेवीस अंशांवर. ते आपल्या वर, मध्य प्रदेशातून जातं. आपलं यवतमाळ आहे साधारण २०.४ अंशांवर. म्हणजे आपण सगळे उष्ण कटिबंधात राहतो, इंग्रजीत ज्याला ट्रॉपिक्स म्हणतात त्यात. पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्याच्या जंगलाचा शास्त्रीय प्रकारच मुळी ‘उष्ण कटिबंधीय शुष्क पानगळीचं जंगल’ असा आहे. थोडक्यात, आपण जन्मापासून ट्रॉपिकल थीममध्येच आहोत, फक्त बिल आलं नव्हतं.

ते बिल आलं माझ्या भाचीच्या पहिल्या वाढदिवसाला. ताईचं सासर दारव्ह्याकडे, घरची शेती कापसाची. मार्चचा पहिला आठवडा होता. ताईने रील बघून ठरवलं की थीम ट्रॉपिकल हवी. हिरवी मोठी पानं, अननस, गुलाबी फ्लेमिंगो वगैरे. एका डेकोरेटरने कोटेशन दिलं १५,००० रुपये. त्यात काय? प्लॅस्टिकची पानं, फुगे आणि मागे एक छापील पडदा.

आता १५,००० म्हणजे किती, ते पगाराच्या हिशेबात कळत नाही. कापसात मोजा. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे दोन क्विंटल कापूस, आणि तोही हमीभाव मिळाला तर. पेरणी, डवरणी, फवारणी, वेचणी, सगळं करून हातात आलेले दोन क्विंटल चार तासांच्या प्लॅस्टिकच्या पानांवर.

ताईला हे कळत नव्हतं असं नाही. ती म्हणाली, “अरे, जावेच्या पोराचा वाढदिवस किती मोठा झाला! माझ्या पोरीचंच साधं का?” हा प्रश्न मला खरा वाटतो. त्याला ‘उगाच खर्च कशाला’ हे उत्तर होत नाही. वाढदिवस पोरीचा असताना तर नाहीच.

मार्ग काढला ताईच्या सासूबाईंनी. मोबाईलवरचा फोटो बघून त्या म्हणाल्या, “हे त शिंदीचंच पान हाय ना बाप्पा! हे बी इकत आनतेत काय?”

आम्ही सॉफ्टवेअरवाले नवीन लायब्ररी घेण्याआधी बघतो की हे काम आपल्या जुन्या कोडमध्ये आधीच आहे का. इथे होतं. आता काय काय वापरलं ते सांगतो. लिहून घ्या.

पहिलं, शिंदी. नाल्याच्या काठाला असते. कोणाच्या बांधावर असेल तर विचारून तोडा, जंगलातून आणू नका. देठाजवळ काटे असतात, ते कोयत्याने आधी साफ करा, लहान पोरं असतात घरात. हे पान दोन दिवस सहज टिकतं. मागच्या भिंतीला पंख्यासारखं लावलं की अर्धं काम झालं.

दुसरं, केळीची पानं. न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली केळ बहुतेक घरी असतेच. पानं सकाळी उन्हाआधी कापायची, देठ बादलीत आणि वरून ओलं पोतं. लावायची संध्याकाळी चारनंतरच. आपल्याकडच्या उन्हात दुपारी लावली तर पाहुणे येईपर्यंत माना टाकतात.

तिसरं, सागाची पानं. मार्चमध्ये साग बोडका असतो, पण झाडाखाली वाळलेल्या पानांचा खच पडलेला असतो. एवढं मोठं पान विकत मिळणार नाही. पुसून त्यावर पोस्टर कलर मारा, हिरवा किंवा पिवळा. फक्त मेणबत्तीपासून लांब ठेवा, वाळलेलं पान लगेच पेट घेतं. लाइट लावायची तर एलईडीचीच माळ.

चौथा, पळस. त्या दिवसांत तो असा फुललेला असतो की वेगळं डेकोरेशन लागत नाही. फुलं सुई-दोऱ्यात ओवून माळा केल्या. उरलेल्या फुलांच्या पाकळ्या पाण्यात वीसेक मिनिटं उकळल्या, होळीचा रंग करतो तसा. जुनं पांढरं सुती धोतर आधी तुरटीच्या पाण्यात भिजवून या रंगात टाकलं, आणि छापील पडद्याच्या जागी केशरी-पिवळा पडदा तयार!

अननस केला पुठ्ठ्याचा. त्यावर पिवळा रंग, डोक्यावर हिरव्या कार्डशीटची पट्टी. फ्लेमिंगोही पुठ्ठ्याचाच, त्याचे पाय पऱ्हाटीच्या काड्यांचे. आणि हो, फ्लेमिंगो काही परदेशी पाहुणा नाही बरं का. तो आपला रोहित, उजनीच्या पाण्यावर दरवर्षी येतो.

हिशेब सांगतो. सुतळी ४०, तुरटी १०, कार्डशीट ६०, रंग १२०, फेविकॉल ५०, एलईडी माळ १५०. एकूण ४३० रुपये.

पण थांबा, या आकड्यात एक गोष्ट येत नाही. ‘घरगुती’ म्हटलं की बऱ्याचदा घरातल्या बायकांची रात्र त्यात जाते, आणि तिचा हिशेब कोणी लावत नाही. म्हणून आम्ही कामं आधीच वाटली. तोडणी, बांधणी भाऊजी आणि मी, रंगकाम पोरांकडे, माळा सगळ्यांनी मिळून. दुसऱ्या दिवशीची झाडलोटही आमच्याकडेच. हे वाटप होत नसेल, तर ते डेकोरेशन स्वस्त नाही. त्याचं बिल फक्त दुसऱ्याच्या नावावर फाटतं.

कायद्याचंही लक्षात ठेवा. महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे. १ जुलै २०२२ पासून देशभरात सजावटीचं थर्माकोल आणि फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्या बंद आहेत. आमचं पान-फूल दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर गेलं, आता त्याचं खत होईल.

ताईची जाऊ आली, तिने पळसाच्या पडद्यासमोर अकरा फोटो काढले. ताईने मोजले होते.

खरं तर आपल्याला हे कोणी शिकवायची गरज नाही. पोळ्याला आपण बैलांची शिंगं रंगवतो, बेगड लावतो, आंब्याच्या पानांचं तोरण बांधतो. हात तेच, फक्त नाव नवीन आहे. आणि ‘साधं’ म्हणजे कमीपणा नाही, हे पाहुण्यांना सांगत बसावं लागत नाही, भिंतीकडे बघून त्यांना कळतं.

तुमच्याकडे काय मिळतं? कोकणात झापं असतील, खानदेशात केळीच केळी. काय बनवलं त्याचा व्हॉइस नोट पाठवा, खर्चाच्या आकड्यासकट. आणि ते कोणी बनवलं, हेही सांगा. भेटूया पुढच्या भागात!