झाडीपट्टींतील प्रेक्षक

धान घरांत आलें कीं चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टींत नाटकांचे दिवस सुरू होतात. वडशाच्या नाटक मंडळ्या गांवोगांव जातात आणि शेतकरी तिकीट काढून उजाडेपर्यंत प्रयोग पाहतो. दूरदर्शनवरील मालिका त्याच्या घरींही चालतात. तेथेंही तो हंसतो, हळहळतो, परंतु नटाला त्याची वार्ताही नसते. मंडपांत मात्र लेकीला घराबाहेर काढल्याचा प्रवेश आला कीं बायका डोळ्यांना पदर लावतात, आणि लगेच विनोदी नट शिरतांच त्याच खळखळून हंसतात. पंडित याला रसभंग म्हणोत बापडे. रात्रभर जागणाऱ्यास तो विसावाच होय. विनोदी भूमिकांसाठीं ख्यातनाम असलेले येथील परशुराम खुणे यांना २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. गाणें मनास आलें तर ‘वन्समोअर’चा गजर होतो, आणि कथानक तेथेंच थांबवून नट तें पुन्हां म्हणतो.