पाच आठवड्यांचे शिक्षण



गेल्या रविवारी एजेक्सच्या वार्षिक संचलनासाठी आपल्यापैकी काही जण सेनोटाफपाशी उपस्थित होते. त्या निमित्ताने माजी सैनिकांविषयी मी बोलावे, अशी मला सूचना होती. मी मात्र या देशात शिकून रणांगणावर गेलेल्या परदेशी सैनिकांविषयी बोलणार आहे.

ब्रिटनने २०१५ साली ‘ऑपरेशन ऑर्बिटल’ आरंभिले आणि युक्रेनमध्ये जाऊन तेथील सुमारे २२ हजार सैनिकांना शिक्षण दिले. फेब्रुवारी २०२२ मध्ये, आक्रमणापूर्वी काही दिवस, ते शिक्षक परतले. जुलैपासून इंग्लंडमध्येच ‘ऑपरेशन इंटरफ्लेक्स’ सुरू झाले. कॅनडा, न्यूझीलंड, स्वीडन, नॉर्वे आदी देशांचे शिक्षकही येथे आले. २०२४ अखेरपर्यंत ५० हजारांहून अधिक युक्रेनियन येथून शिकून गेले. त्यांतील बहुतेक कालपर्यंतचे साधे नागरिक! प्रारंभी तीन आठवड्यांचा असलेला अभ्यासक्रम लवकरच पाच आठवड्यांचा झाला : नेमबाजी, खंदकातील लढाई, जखमींवर प्रथमोपचार, आणि युद्धाचे कायदेसुद्धा.

‘होम्स फॉर युक्रेन’ योजनेखाली आमच्या घरी एक बाई राहत असत. त्यांचा मुलगा वायरमन. तोही या शिक्षणासाठी आला होता. रक्तस्राव थांबवणारा पट्टा एका हाताने आवळावयास शिकलो, असे त्याने आईला फोनवर सांगितले. त्यांनी मला विचारले, “पाच आठवडे पुरतात का?” मी तीन वर्षे शिकून परिचारिका झाले. मला उत्तर देता आले नाही.

अर्थात, केवळ वर्षे मोजून सैन्य उभे राहत नाही. अफगाण सैन्याला वीस वर्षे साहाय्य मिळाले. ऑगस्ट २०२१ मध्ये ते काही दिवसांतच कोसळले. आपल्या पूर्वजांनीही कवायत परक्यांकडूनच शिकली. कंपनीच्या मुंबई सैन्यातील अधिकारी सॅम्युएल दिवेकर टिपूच्या कैदेत पडले, सुटले, आणि १७९६ मध्ये त्यांनी मुंबईतील पहिले सिनॅगॉग बांधले. त्यांचा आपल्याला अभिमान आहे, तरी ते युद्ध कंपनीचे होते. हा वायरमन स्वतःच्या गावासाठी लढतो आहे. माझ्या मते साहाय्याचा कस येथेच लागतो.

जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटनने युक्रेनशी शंभर वर्षांच्या भागीदारीचा करार केला. शंभर वर्षे हा शब्द उच्चारणे सोपे आहे. पुढची सरकारे तो पाळतील की नाही, याकडे आपण मतदारांनी लक्ष ठेवावयास हवे.

त्या बाई आता मँचेस्टरला असतात. परवा त्यांचा फोन आला. मुलगा पायाला दुखापत होऊन मागे आला आहे आणि नव्या भरतीच्या मुलांना तो पट्टा बांधावयास शिकवतो आहे.