आधी मोजा, मग फेका



विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ न चालणारे लॅपटॉप आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात असतील. त्यांवर लिनक्स उत्तम चालतं. पण "फार तापतं, फॅन ओरडतो" एवढ्यावरून मशीन म्हातारं ठरतं आणि कचऱ्यात जातं. हा निकाल बहुधा पुराव्याशिवाय दिलेला असतो.

आधी थोडं भौतिकशास्त्र. ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना लागणारी पॉवर ही फ्रिक्वेन्सी गुणिले व्होल्टेजचा वर्ग या प्रमाणात असते. दोन्ही २० टक्क्यांनी उतरवले की उरतो ०.८ चा घन, म्हणजे ०.५१. वेग एक पंचमांशाने कमी, पण ही उष्णता जवळजवळ निम्मी! टर्बोमध्ये नेमकं उलट होतं: थोड्या जादा वेगासाठी व्होल्टेज चढवावं लागतं.

आता मोजमाप. 'सेन्सर्स' ही आज्ञा तापमान दाखवते. काहीही काम चालू नसताना ते चढलेलं असेल, तर 'पॉवरटॉप' चालवा. इंटेलने २००७ मध्ये आणलेलं हे साधन, प्रोसेसरला झोपेतून सारखं कोण उठवतंय ते सांगतं. पुष्कळदा तो ब्राउझरचा विसरलेला टॅब निघतो. तसं कोणीच सापडलं नाही, तर फॅनमधली धूळ काढा, थर्मल पेस्ट बदला. एवढं करूनही कामाच्या वेळी तापत असेल, तर टर्बो बंद करून पुन्हा मोजा.

एक इशारा. 'पॉवरसेव्ह' या नावावर जाऊ नका. जुन्या ड्रायव्हरवर ते प्रोसेसरला सर्वांत कमी वेगावर डांबून ठेवतं. नव्या इंटेल ड्रायव्हरवर मात्र कामाच्या भाराप्रमाणे वेग बदलतं. शिवाय सतत मंद चालणं म्हणजे बचत नव्हे. काम लांबलं की स्क्रीन, मेमरी, डिस्क तेवढा वेळ वीज खातच राहतात. काम उरकून झोपी जाणारं मशीन कित्येकदा स्वस्त पडतं. आणि नुसतं चालू ठेवलेलं, ६० वॉट खाणारं डेस्कटॉप वर्षाला सुमारे ५२५ युनिट जाळतं.

दिल्लीच्या सीलमपूरमध्ये जुने संगणक उघड्या हातांनी फोडले जातात. आपण फेकलेल्या यंत्राची किंमत अशी कुणीतरी मोजत असतं. तेव्हा फेकण्यापूर्वी अर्धा तास मोजमापाला द्या. लॅपटॉप वाचला, तर तो एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती पडू द्या.