बोलका विक्रेता

बोलणाऱ्याचीं बोरेंहि खपतात आणि न बोलणाऱ्याचे आंबेहि पडून राहतात, असें आपल्याकडे म्हणतात. अमेरिकेंतील संशोधक व टेलिव्हिजनवरील विक्रेते रॉन पोपील (१९३५–२०२१) यांच्या चरित्रानें या म्हणीस एक पुस्ती जोडली: बोलणाऱ्यानें झाडहि स्वतः लावलेलें असावें.

तरुणपणीं शिकागोच्या मॅक्सवेल स्ट्रीट बाजारांत उभे राहून ते वडिलांनीं बनविलेलीं स्वयंपाकाचीं उपकरणें विकीत. भाजी चिरतां चिरतां जमाव खिळवून ठेवावयाचा आणि हातोहात पैसे घ्यावयाचे, ही ती विद्या. परंतु आवाज त्या गर्दीपलीकडे पोहोंचत नसे. टेलिव्हिजननें तेंच प्रात्यक्षिक घरोघरीं नेलें. १९६४ मध्यें त्यांनीं रॉन्को ही कंपनी काढली. १९८४ मध्यें अमेरिकन सरकारनें जाहिरातींच्या वेळेवरील मर्यादा उठविली आणि अर्ध्या अर्ध्या तासाच्या जाहिरातींचा मार्ग मोकळा झाला.

१९९८ मधील त्यांची शोटाइम ही कोंबडी भाजण्याची भट्टी पाहा. आंत फिरणारी कोंबडी स्पष्ट दिसावी म्हणून तिचें कांचेचें दार तिरकें बसविलें होतें. म्हणजे विक्रीचें भाषण यंत्राच्या घडणींतच होतें. ‘लावा आणि विसरा’ हें घोषवाक्य तर प्रेक्षकच एका सुरांत म्हणत.

टक्कल झांकणाऱ्या त्यांच्या रंगफवाऱ्यास लोक हसले. १९८० नंतरच्या दशकांत कंपनी एकदां बुडालीहि. तरी ते पुन्हा उभे राहिले. २००५ मध्यें त्यांनीं ती विकली, आणि २००७ मध्यें नव्या मालकांच्या हातीं तिचें दिवाळें निघालें. नांव विकत मिळतें. बाजारांत उभें राहून मिळविलेली विद्या मिळत नाहीं.