पायऱ्या आणि वजन : एक प्रामाणिक हिशेब
(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



बाह्यरुग्ण विभागात एका भगिनीने मला विचारले, "डॉक्टर, महिनाभर रोज पायऱ्या चढले, पण काटा हलला नाही. मग चढायचे कशाला?" त्या व्यायाम सोडून देण्याच्या विचारात होत्या. त्यांना दिलेले उत्तर आज आपणा सर्वांपुढे मांडतो.

प्रथम हिशेब पाहू. ७० किलो वजनाची व्यक्ती १५ सेंटिमीटर उंचीच्या २०० पायऱ्या चढली, तर ती ३० मीटर वर जाते. यासाठी शरीर साधारणतः २० उष्मांक खर्च करते. चहाच्या एका चमचा साखरेत तेवढेच उष्मांक असतात! एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असतात. म्हणजे रोज २०० पायऱ्या चढूनही एक किलो उतरण्यास वर्षाहून अधिक काळ लागेल, तोही आहार न वाढविल्यास. सबब वजन घटविण्याचा मुख्य मार्ग ताटातून जातो. पायऱ्या त्याला साथ देतात.

तथापि पायऱ्यांचे खरे देणे काट्यावर दिसत नाही. लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली दुमजली बसच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा जिना चढउतार करणाऱ्या वाहकांत हृदयविकार कमी आढळला. चालक नोकरीस लागतानाच अधिक स्थूल असत, हेही पुढे त्यांनीच दाखवून दिले. म्हणून सारे श्रेय जिन्याला देता येत नाही. परंतु नियमित हालचालीने हृदय, श्वास व मांड्यांचे स्नायू सक्षम होतात आणि रक्तातील साखर आटोक्यात राहण्यास मदत होते, हे नंतरच्या संशोधनाने दृढ केले आहे.

आपल्या वाशी परिसराला हे नवे नाही. माळवदावर वाळवण घालण्यासाठी घरातील आयाबाया दिवसातून कितीदा तरी वर-खाली करीत. येरमाळ्याच्या येडेश्वरीचा डोंगर आजही भाविक श्रद्धेने चढतात. मात्र वर्षातून एकदा चैत्री पौर्णिमेला चढणे हा व्यायाम नव्हे. सराव नसलेल्या हृदयावर तो एकाएकी पडलेला भार असतो.

म्हणून काही सूचना. आरंभी २० पायऱ्या, सावकाश, कठडा धरून चढाव्यात. दर आठवड्यास थोडी वाढ करावी. बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. उतरताना गुडघ्यांवर अधिक ताण येतो, म्हणून घाई नको. गुडघे झिजलेल्यांनी सपाट रस्त्यावर चालावे. हृदयविकार अथवा अनियंत्रित रक्तदाब असल्यास आधी तपासणी करून घ्यावी. चढताना छातीवर दाब आला, जबड्याकडे वा हाताकडे कळ गेली किंवा घेरी आली, तर तेथेच थांबावे आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे. "दम लागला असेल" म्हणून घालविलेला वेळ परत मिळत नाही.

वजनासोबत कंबरेचा घेरही मोजावा. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपुढील घेर धोक्याची सूचना देतो.

त्या भगिनीला मी एवढेच म्हटले, "ताई, काटा हलला नाही, पण पहिल्या दिवशी कितव्या पायरीवर थांबला होता?" त्या म्हणाल्या, "बाराव्या." "आणि आज?" त्या हसल्या. आता त्या न थांबता वरपर्यंत जात होत्या.

हे सामर्थ्य आपणा सर्वांस लाभो, ही सदिच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.